पोटात घेण्याची औषधे आणि डोळे : न दुखता होणारी हानी कशी ओळखावी?

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्यात क्रेन चालविणाऱ्या किंवा कारखान्याच्या आवारातील रेल्वे इंजिन हाकणाऱ्या कामगाराची दृष्टी आणि रंग ओळखण्याची क्षमता ठरावीक काळाने तपासली जाते. लाल आणि हिरव्या दिव्यातील फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती यंत्र देता येत नाही, एवढे साधे कारण त्यामागे आहे. निवृत्तीनंतर ही तपासणी थांबते आणि नेमक्या याच वयात घरातील गोळ्यांची संख्या वाढू लागते.

भिलाई हे अशा निवृत्तांचे मोठे गाव आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या दशकांत देशाच्या सर्व भागांतून लोक येथे आले. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. त्यांतील अनेकांच्या घरी आज सकाळी रक्तदाबाची गोळी, जेवणाआधी मधुमेहाची, रात्री प्रोस्टेटची आणि अधूनमधून सांधेदुखीची, असा क्रम असतो. एखाद्याचे हृदयाचे कागद सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचे, सांध्यांचे रायपूरचे आणि जुन्या शस्त्रक्रियेचे नागपूरचे असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना यांतील एकही कागद सोबत नेला जात नाही, कारण डोळ्यांचा आणि पोटात घेतलेल्या गोळीचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही.

हा संबंध मात्र अनेक औषधांच्या बाबतीत सिद्ध झालेला आहे. क्षयरोग, संधिवात, दमा, अपस्मार, अर्धशिशी, हृदयविकार आणि लघवीच्या तक्रारी या नेहमीच्या आजारांवरील काही औषधे डोळ्यांवर परिणाम करतात. बहुतेक परिणाम सौम्य असतात व औषध थांबविल्यावर जातात. थोडे परिणाम कायमचे असतात. अडचण अशी की, कायमची हानी करणारी औषधे बहुधा डोळा लाल करीत नाहीत, दुखवीत नाहीत आणि पाणीही आणीत नाहीत. जो डोळा दुखतो त्याच्याकडे लक्ष जाते. जो न दुखता मंदावतो, त्याचे खापर वयावर किंवा चष्म्याच्या नंबरवर फुटते.

डोळाच का?

डोळा आकाराने लहान असला तरी त्याचा रक्तपुरवठा मोठा असतो. रक्तातून फिरणारे औषध तेथे पोहोचतेच. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्याच्या, खालच्या थरात मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य असते आणि काही औषधे त्याला चिकटून वर्षानुवर्षे साठत राहतात. पडद्यावरील प्रतिमा मेंदूकडे नेणारा दृष्टिमज्जातंतू लाखो अतिसूक्ष्म धाग्यांचा बनलेला असतो. या धाग्यांना सतत ऊर्जा लागते. ज्या औषधांमुळे पेशींच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा येतो, त्यांचा पहिला फटका मध्यवर्ती दृष्टी आणि रंगज्ञान सांभाळणाऱ्या धाग्यांना बसतो.

क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल

भारतात या विषयाचा विचार एथॅम्ब्युटॉलपासूनच सुरू करावा लागतो. लेडर्ली या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेतून १९६१ साली हे औषध पुढे आले आणि पुढच्याच वर्षी त्याने दृष्टी मंदावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. म्हणजे हा दुष्परिणाम औषधाइतकाच जुना आहे. तरीही हे औषध टिकून राहिले, कारण क्षयाचे जंतू अन्य औषधांना दाद देईनासे होऊ नयेत यासाठी त्याची सोबत आवश्यक असते.

भारतातील रुग्णांच्या दृष्टीने २०१७ हे वर्ष महत्त्वाचे आहे. तोपर्यंत राष्ट्रीय कार्यक्रमात नव्या क्षयरुग्णांना आठवड्यातून तीन दिवस औषधे दिली जात आणि एथॅम्ब्युटॉल पहिल्या दोन महिन्यांपुरतेच असे. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत आणि नंतर संपूर्ण देशात रोज औषध घेण्याची पद्धत लागू झाली. पुढच्या चार महिन्यांतही आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिनच्या जोडीला एथॅम्ब्युटॉल ठेवण्यात आले. आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू वाढत असल्याने हा बदल करण्यात आला आणि त्यामागील कारण सबळ आहे. परंतु त्यामुळे दोन महिने आठवड्यातून तीन वेळा घेतले जाणारे औषध सहा महिने रोज घेतले जाऊ लागले, ही गोष्टही तितकीच खरी आहे. या औषधाचा डोळ्यांवरील परिणाम बहुधा दुसऱ्या महिन्यानंतर दिसू लागतो. जुन्या पद्धतीत तो दिसण्याच्या सुमारास औषध बंद झालेले असे.

परिणामाचे प्रमाण मात्रेवर अवलंबून असते. वैद्यकीय ग्रंथांत नेहमी दिले जाणारे आकडे असे : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १५ मिलिग्रॅम मात्रा असल्यास शंभरात सुमारे एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना, २५ मिलिग्रॅम असल्यास पाच ते सहा जणांना आणि ३५ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास सुमारे अठरा जणांना त्रास होतो. त्यामुळे वजनाला महत्त्व येते आणि छत्तीसगडमध्ये ते अधिकच येते.

बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण रुग्णालय चालविते. तेथे २००४ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६९५ प्रौढ फुप्फुस-क्षयरुग्णांचा अभ्यास डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात पुरुष रुग्णांचे मध्यक वजन सुमारे ४२ किलो आणि स्त्रियांचे सुमारे ३४ किलो आढळले. भूक आणि क्षय एकमेकांना कसे पोसतात हे दाखविणारा हा अभ्यास देशभर चर्चिला गेला. औषधाच्या मात्रेच्या संदर्भातही त्याकडे पाहण्यासारखे आहे.

सध्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक संयुक्त गोळीत २७५ मिलिग्रॅम एथॅम्ब्युटॉल असते आणि गोळ्यांची संख्या वजनाच्या गटानुसार ठरते. २५ ते ३४ किलो वजनाला रोज दोन, ३५ ते ४९ किलोला तीन आणि ५० ते ६४ किलोला चार गोळ्या दिल्या जातात. तीन गोळ्यांतून ८२५ मिलिग्रॅम औषध मिळते. ४९ किलोच्या माणसाला ते दर किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम पडते, तर ३५ किलोच्या माणसाला साडेतेवीस मिलिग्रॅमच्या आसपास. एकाच गटातील दोघांमध्ये एवढा फरक पडतो. लाखो रुग्णांना औषध पुरविताना असे गट करावेच लागतात आणि कमी मात्रेचा धोका अधिक मात्रेच्या धोक्याहून लहान नाही. तथापि, गटाच्या खालच्या टोकाला असलेल्या कृश रुग्णाच्या डोळ्यांवर अधिक लक्ष हवे, हे या आकड्यांवरून उघड आहे.

त्याहूनही अधिक लक्ष मूत्रपिंडाच्या रुग्णांकडे हवे. एथॅम्ब्युटॉल मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुर्बल असल्यास नेहमीची मात्राही रक्तात साठून मोठी होते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या वृद्ध क्षयरुग्णाच्या बाबतीत वय, मूत्रपिंड आणि मधुमेहाने आधीच नाजूक झालेले दृष्टिपटल या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. अशा रुग्णाची क्रिएटिनिन तपासणी औषध सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी.

लक्षणे सावकाश येतात. दोन्ही डोळ्यांना मधोमध धूसर दिसू लागते, कडेचे मात्र नीट दिसते. वाचताना अक्षरे पुसट वाटतात. समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, पण चालताना तो कशाला अडखळत नाही. लाल रंग विटका, तपकिरी भासतो. लाल-हिरव्यात गोंधळ होतो. काही रुग्णांत दृष्टिक्षेत्राच्या दोन्ही बाहेरच्या बाजू मंदावतात. सुरुवातीच्या काळात डोळ्याच्या आत पाहिले तर दृष्टिमज्जातंतू निरोगी दिसतो. त्यामुळे डोळा बाहेरून आणि आतूनही चांगला दिसत असताना रुग्ण दिसत नाही म्हणतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही.

येथेच पहिल्या तपासणीचे मोल कळते. औषध सुरू होण्यापूर्वी अक्षरांच्या तक्त्यावरील दृष्टी आणि ठिपक्यांच्या इशिहारा तक्त्यावरील रंगज्ञान, या दोन गोष्टी नोंदविण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ही नोंद नसेल तर चौथ्या महिन्यात दृष्टी कमी आढळल्यावर ती औषधाने गेली, मोतीबिंदूने गेली की आधीपासूनच कमी होती, हे सांगता येत नाही. जन्मतः लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या पुरुषांची संख्या काही थोडी नसते. त्यांची आधी नोंद नसल्यास औषधावर विनाकारण दोष येतो. शिवाय तंबाखू, मद्य आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही दृष्टिमज्जातंतूची अशीच हानी होऊ शकते. छत्तीसगडमध्ये तंबाखूयुक्त गुडाखूने दात घासण्याची सवय खेडोपाडी आहे. दृष्टी मंदावलेल्या क्षयरुग्णाला त्याबद्दल विचारणे अनावश्यक नाही.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी नेत्रतज्ज्ञ सुचवितात. भिंतीवरील दिनदर्शिकेतील सुट्टीच्या दिवसांचे लाल आकडे, चष्मा लावून, ठरलेल्या अंतरावरून, रोज त्याच उजेडात पाहावेत; आधी एक डोळा तळहाताने झाकून, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा वाईट डोळ्याचे काम करतो आणि दोष लपतो. आकडे पुसट झाले किंवा लाल रंग पूर्वीसारखा वाटला नाही, तर त्याच दिवशी उपचार केंद्राला कळवावे.

कळवावे, असेच म्हणावे लागेल. संपूर्ण उपचार मनाने थांबवू नये. दृष्टीची तक्रार खरी ठरल्यास डॉक्टर एथॅम्ब्युटॉल बंद करतात आणि उरलेली औषधे चालू ठेवतात किंवा बदलतात. औषध संयुक्त गोळीत असल्याने रुग्णाला ते एकटे वगळता येत नाही. सगळ्या गोळ्या फेकून दिल्या तर क्षय उलटतो आणि तो औषधांना न जुमानणारा होऊन परततो. वेळीच थांबविल्यास अनेकांची दृष्टी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. सर्वांचीच सुधारते असे नाही, आणि साठीच्या पुढील रुग्णांत सुधारणा कमी आढळते. क्षयरुग्णांसाठी केंद्र सरकारची नि:शुल्क निक्षय दूरध्वनी सेवा १८००-११-६६६६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या चार औषधांच्या नव्या पद्धतीत लिनेझोलिड आहे. ते चार आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यास दृष्टिमज्जातंतूला सूज येऊ शकते. या रुग्णांनाही वरील सर्व गोष्टी लागू पडतात. याउलट, रिफॅम्पिसिनमुळे लघवीप्रमाणेच अश्रूही नारिंगी होतात. ते पाहून रुग्ण घाबरतात, पण त्यात धोका नाही. फक्त कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन : वजनाचा हिशेब

मार्च २०२० मध्ये हे अवघड नाव घरोघरी पोहोचले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविडच्या प्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या घरातील निकटवर्ती यांना ते सुचविले. औषध दुकानांतील साठे संपू लागताच सरकारने निर्यातीवर बंदी घातली व विक्रीचे नियम कडक केले. दृष्टिपटलाचा आजार असलेल्यांनी ते घेऊ नये, असे त्या सूचनेतच म्हटले होते. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर त्याचा उपयोग दिसला नाही. त्या काळात काही आठवडे हे औषध घेतलेल्यांनी आज डोळ्यांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण हे औषध वर्षांच्या हिशेबाने डोळ्यांना बाधते. हिवतापावर तीन दिवस घेतलेल्या क्लोरोक्विनबाबतही तेच म्हणता येईल.

चिंता आहे ती आमवात आणि ल्यूपसच्या रुग्णांची. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि त्यांना हे औषध दहा-वीस वर्षे घ्यावे लागते. भारतात २०१४ पासून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरही पूरक औषध म्हणून त्याला मान्यता आहे. त्यामुळे ते घेणाऱ्यांचे वर्तुळ अन्य अनेक देशांपेक्षा येथे मोठे आहे.

अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेल्या मर्यादेनुसार रोजची मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी ८० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या व्यक्तीला योग्य. ५० किलो वजनाच्या स्त्रीला सरासरी २५० मिलिग्रॅमच पुरे. मात्रा मर्यादेत असल्यास पहिल्या पाच वर्षांत शंभरात एकाहून कमी आणि दहा वर्षांत दोघांहून कमी जणांना बाधा होते. वीस वर्षांनंतर मात्र हे प्रमाण वीस टक्क्यांच्या जवळ जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन सोबत असल्यास धोका वाढतो.

या औषधाने झालेली दृष्टिपटलाची हानी भरून येत नाही. औषध बंद केल्यानंतरही ती काही काळ वाढू शकते. म्हणून रुग्णाला जाणवण्याआधी ती पकडणे हाच उपाय आहे. पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी. धोका वाढविणारी कारणे असल्यास ती त्याआधीच सुरू करावी, असे शास्त्र सांगते. या तपासणीत नुसते अक्षर-वाचन पुरत नाही. पडद्याच्या थरांचे चित्र घेणारी ओसीटी तपासणी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी, या दोन्ही लागतात. आशियाई वंशाच्या रुग्णांत हानी अनेकदा मध्यबिंदूपासून जरा दूर सुरू होते, त्यामुळे दृष्टिक्षेत्राचा विस्तृत भाग तपासावा लागतो. रायपूर, दुर्ग-भिलाई, नागपूर येथे या सोयी आहेत. खेड्यातील स्त्रीला त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून प्रवास करावा लागतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. निदान मात्रेचा हिशेब तरी औषध लिहिणाऱ्याने वजनकाट्यावर करावा, त्याला प्रवास लागत नाही.

स्टेरॉइड : डॉक्टरांनी दिलेले आणि न सांगता दिलेले

कॉर्टिसोनसारखी औषधे आमवातावर दीर्घकाळ घेणाऱ्यांना मोतीबिंदू होतो, हे १९६० साली नोंदले गेले. हा मोतीबिंदू नेत्रभिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध धरतो. त्यामुळे उन्हात आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशात अधिक त्रास होतो आणि वाचन लवकर अवघड होते. शस्त्रक्रियेने तो दूर करता येतो. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. काही व्यक्तींच्या डोळ्यांतील दाब स्टेरॉइडने वाढतो. तो वाढलेला राहिल्यास काचबिंदू होतो आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल तर ही शक्यता अधिक असते.

दमा, त्वचाविकार, मूत्रपिंडाचे काही आजार यांत स्टेरॉइड प्राण वाचविते आणि डॉक्टर देतात तेव्हा ते नोंदलेले असते. प्रश्न आहे तो नोंद नसलेल्या स्टेरॉइडचा. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या आणि परवाना नसलेल्या व्यक्तीकडून मिळणाऱ्या रंगीत गोळ्या, यांत ते अनेकदा मिसळलेले असते. एका दिवसात दुखणे थांबले, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल झाला आणि रक्तातील साखर चढली, तर त्या पुडीत काय असावे हे ओळखणे कठीण नाही. अशी पुडी दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकदम सोडू नये, कारण शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. ती डॉक्टरांपुढे ठेवावी आणि डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा.

स्टेरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह एकत्र आल्यास काय होऊ शकते, हे २०२१ मध्ये देशाने पाहिले. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने, लोकांच्या भाषेत काळ्या बुरशीने, ग्रासले. नाकातून डोळ्याच्या खोबणीत आणि तेथून मेंदूकडे जाणारा हा संसर्ग थांबविण्यासाठी अनेकांचा डोळा काढावा लागला. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य घोषित करण्यास सांगितले आणि जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. कोविडच्या गंभीर रुग्णांना स्टेरॉइड आवश्यकच होते. पण सौम्य आजारात, साखर न तपासता, लागले त्याहून अधिक दिवस घेतलेल्या गोळ्यांचाही त्या संख्येत वाटा होता, असे तज्ज्ञांचे मत आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी सांगण्याची एक गोष्ट

प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना टॅमसुलोसिन दिले जाते. ते लघवीचा मार्ग सैल करते. त्याचबरोबर डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदाही सैल करते. एरवी रुग्णाला हे जाणवतही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र हा पडदा लाटेसारखा हलतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली आकसते. अमेरिकेतील डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी २००५ साली हा प्रकार प्रथम वर्णिला. शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस गोळी बंद केल्याने धोका पूर्णपणे टळत नाही, कारण परिणाम दीर्घकाळ राहतो. म्हणून आज घेत नसलेल्या, पण पूर्वी घेतलेल्या गोळीचीही माहिती द्यावी. शल्यचिकित्सकाला आधी कळले तर तो वेगळी साधने आणि औषधे तयार ठेवतो व शस्त्रक्रिया सुखरूप होते. लघवीची तक्रार डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगण्याचा संकोच बहुतेक ज्येष्ठांना वाटतो, आणि मुलगा किंवा सून सोबत असेल तर तो दुप्पट होतो.

अचानक डोळा दुखल्यास

आतापर्यंतची औषधे न दुखविणारी होती. काही औषधे याच्या उलट वागतात. डोळ्यातील पाणी वाहून जाण्याचा कोन काहींमध्ये जन्मतः अरुंद असतो. आशियाई लोकांत आणि स्त्रियांत हे अधिक आढळते. अशा व्यक्तीने सर्दीची संयुक्त गोळी, पोटातील मुरड थांबविणारे औषध किंवा झोपेसाठी व मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलीन घेतले, तर बाहुली विस्फारून तो कोन बंद होऊ शकतो. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. उलट्यांमुळे असा रुग्ण कधीकधी पोटाच्या डॉक्टरांकडे नेला जातो आणि मोलाचे तास वाया जातात.

अर्धशिशी आणि अपस्मारावरील टोपिरामेट वेगळ्या मार्गाने हाच प्रसंग आणते. औषध सुरू केल्यावर बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दोन्ही डोळ्यांनी एकाएकी लांबचे दिसेनासे होते, जणू चष्म्याचा नंबर रातोरात वाढला. येथे काचबिंदूवरील नेहमीचा लेसर उपयोगी पडत नाही. कारण असलेले औषध थांबविणे हा उपचार असतो. त्यामुळे नवी गोळी कधी सुरू झाली, हे सांगणे निर्णायक ठरते.

आणखी एक तातडीची अवस्था आहे, तिचे नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. सल्फा औषधे, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल अशा औषधांनंतर क्वचित ताप, अंगावर चट्टे, तोंडात फोड आणि डोळ्यांची आग सुरू होते. रुग्ण वाचला तरी डोळ्याच्या पृष्ठभागावर व्रण राहून दृष्टी जाऊ शकते. नवे औषध सुरू झाल्यानंतर ताप, चट्टे आणि लाल डोळे एकत्र दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

इतर काही औषधे

ॲमिओडॅरोन हे हृदयाचे ठोके नियमित करणारे औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या पारपटलावर सूक्ष्म रेषा उमटतात. त्या निरुपद्रवी असतात, दृष्टिमज्जातंतूची बाधा मात्र क्वचित होते. डिगॉक्सिनची मात्रा वाढल्यास सारे पिवळसर दिसते, आणि तो डोळ्यापेक्षा हृदयासाठी इशारा असतो. सिल्डेनाफिलने काही तास निळसर छटा दिसते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइनने डोळे कोरडे पडतात आणि काहींना रात्री कमी दिसते. कुष्ठरोगावरील क्लोफाझिमिनने त्वचेप्रमाणे डोळ्याच्या पांढऱ्या भागालाही तांबूस झाक येते. ती उपचार संपल्यावर हळूहळू उतरते आणि तिच्यासाठी उपचार सोडण्याचे कारण नाही. मधुमेह व वजन कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडमुळे दृष्टिमज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक खंडित होण्याचा प्रकार अतिशय क्वचित, दहा हजारांत एकापर्यंत, घडू शकतो, असा निष्कर्ष युरोपीय औषध संस्थेने जून २०२५ मध्ये काढला.

नोंद आणि तक्रार

डोळ्यांच्या तपासणीला जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून नेणे, ही नावे लक्षात ठेवण्यापेक्षा सोपी पद्धत आहे. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधे आणि पुड्याही असाव्यात. मागील वर्षभरात बंद झालेली औषधे कागदावर लिहावीत. वजन आणि अलीकडचा मूत्रपिंडाचा अहवाल सोबत असल्यास डॉक्टरांचे काम निम्मे होते.

औषधामुळे डोळ्यांना त्रास झाल्याचा संशय असल्यास त्याची नोंद भारताच्या औषधसुरक्षा देखरेख कार्यक्रमाकडे करता येते. हा कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. तक्रार केवळ डॉक्टरांनीच करावी असे नाही. रुग्ण व नातेवाईक यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज असून तो हिंदीसह अन्य भारतीय भाषांतही उपलब्ध आहे. नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. औषधाचे नाव, पाकिटावरील बॅच क्रमांक, ते कधी सुरू केले, त्रास कधी सुरू झाला आणि औषध थांबविल्यावर काय झाले, एवढी माहिती द्यावी लागते. त्रास त्या औषधानेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर नसते. संशय पुरेसा मानला जातो.